आप्पांना मिगमध्ये बसवलं: हेडसेटमधली अडखळ काढताना गेलेले आठ आठवडे

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ होता. १९६३ पासून हवाई दलात असलेलं विमान त्या दिवशी निवृत्त झालं. आप्पा सकाळपासून टीव्हीसमोर होते. ते हवाई दलात एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) फिटर होते. जालहळ्ळीत शिकले, आणि नोकरीची बरीच वर्षं मिगच्या अंगाखांद्यावर पाने फिरवण्यात गेली, त्यातली शेवटची तेजपूरला. उतरलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे उडाले तेव्हा ते उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

रात्री जेवताना ते एकच वाक्य बोलले. "इतकी वर्षं त्या कॉकपिटात डोकं घातलं गा, पण टेकून निवांत बसलो न्हाई कधी."

त्या वाक्यापासून हे सगळं सुरू झालं. मी बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो, घर अनगोळला. घरच्या कॉम्प्युटरवर डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर मी तीन वर्षं साध्या मॉनिटरवर खेळत होतो. त्यात मिग-२१बिस (मिग-२१ चाच एक प्रकार) मिळतं, हे माहीत होतं. आप्पांना मॉनिटरवर ते दाखवण्यात अर्थ नव्हता, त्यांना आत बसवायचं होतं. म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट हवा. ज्यांना घरात असंच काही करायचं आहे आणि चित्र अडखळतंय, डोकं गरगरतंय म्हणून हेडसेट पेटीत ठेवून दिलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मशीन आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड (८ जीबी), १६ जीबी रॅम, विंडोजला एक एसएसडी आणि बाकी सगळ्याला जुनी हार्ड डिस्क. खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, शॉपमधल्या मशीनांची पूजा झाली आणि दसऱ्याला एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून जुना क्वेस्ट २ हेडसेट घेतला, १७ हजारांना. घेताना दोन गोष्टी तपासा. लेन्सवर उन्हाचा डाग आहे का बघा. लेन्समधून ऊन आत गेलं की पडदा जळतो आणि ते दुरुस्त होत नाही. दुसरं म्हणजे मागच्या मालकाचं खातं काढून हेडसेट कोरा करून घ्या, समोर बसूनच.

डीसीएस मूळचा फुकट आहे. सोबत कॉकेशसचा नकाशा, सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमानं येतात. मिग वेगळं विकत घ्यावं लागतं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून गेम उतरवला असेल तर बरीचशी विमानं १४ दिवस मोफत वापरून बघता येतात, तेव्हा पैसे भरायची घाई करू नका. माझे १४ दिवस सगळे चाचण्यांतच संपले आणि मग सवलत लागल्यावर घेतलं. पैसे डॉलरमध्ये जातात. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादाही टाकावी लागते. मला हे ठाऊक नव्हतं. दोनदा व्यवहार फसला, तिसऱ्यांदा बँकेत जाऊन काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं. काम झालं की ते परत बंद करून ठेवा.

४ ऑक्टोबरला पहिल्यांदा हेडसेट घालून मिगमध्ये बसलो. समोर तो निळसर हिरवा रंग, मधोमध उभी पांढरी पट्टी, चारही बाजूंनी घड्याळं. श्वास अडकला. मग मान डावीकडे वळवली आणि सगळं कॉकपिट दोन-दोन दिसत, ठेचा खात मागून आलं. चार मिनिटांत कपाळावर घाम. उड्डाण घेऊन बातुमी शहरावरून खाली गेलो, तेव्हा हेडसेट ओढून काढावा लागला. पुढचा तासभर मळमळत होतं. सत्तरीच्या माणसाला ह्यात बसवणं शक्य नव्हतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या, कारण मला ते समजायला आठवडा लागला. हेडसेट ७२ हर्ट्झवर (सेकंदाला ७२ चित्रं) असेल तर कॉम्प्युटरला दर १३.९ मिलिसेकंदांत एक नवं चित्र द्यावं लागतं, तेही दोन्ही डोळ्यांसाठी. ९० हर्ट्झवर तीच मुदत ११.१ वर येते. मॉनिटरवर चित्र उशिरा आलं तर नुसतं थोडं अडकल्यासारखं वाटतं. हेडसेटमध्ये मात्र मान वळलेली असते आणि जग वळलेलं नसतं. कान एक सांगतो, डोळा दुसरं सांगतो आणि पोट ढवळतं. म्हणून इथे सरासरी किती फ्रेम (चित्रं) येतात ह्यापेक्षा प्रत्येक फ्रेम वेळेत येते का, हे महत्त्वाचं.

पहिला आठवडा मी वाया घालवला, हे सरळ सांगतो. जो जे सांगेल ते बदलत गेलो. सावल्या बंद, ढग कमी, पाणी कमी, टेक्स्चर कमी, सगळं तळाला नेलं. चित्र भकास झालं, पण अडखळ होती तशीच. रोज शॉपमधून आल्यावर जेवण उरकून बारापर्यंत हेच. आप्पा दारातून बघून जायचे. एकदा म्हणाले, "काय करायलास एवढं?" मी म्हटलं, "विमान तयार करतोय." त्यावर त्यांनी काही विचारलं नाही.

१२ ऑक्टोबरच्या रविवारी माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवली. जॉबचं माप चुकलं की आम्ही एका वेळी एकच ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) हलवतो, जॉब काढतो, मायक्रोमीटर लावतो, लिहून ठेवतो. दोन ऑफसेट एकदम हलवले तर माप जुळलं तरी कशामुळे जुळलं ते कळत नाही. मी आठवडाभर दहा ऑफसेट एकदम हलवत होतो, मायक्रोमीटर न लावता.

मग वही घेतली. सगळं परत मधल्या सेटिंगवर आणलं. एकच मोहीम ठरवली: तेच विमान, तीच दुपार, तेच हवामान. दोनच ठिकाणी मोजायचं, धावपट्टीजवळ उभं असताना आणि बातुमीवरून खाली जाताना. मोजायला वेगळं काही लागत नाही. उजवा कंट्रोल आणि पॉज ही बटणं दाबली की कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येतो, पुन्हा दाबली की सविस्तर तक्ता येतो. अडचण सीपीयूची (प्रोसेसरची) आहे की जीपीयूची (ग्राफिक्स कार्डची), हे तो तक्ताच लिहून दाखवतो. माझ्या छोट्या कीबोर्डला पॉजचं बटणच नव्हतं. कंट्रोल्सच्या यादीत जाऊन दुसरं बटण नेमता येतं, मी तसं केलं.

इथे एक फसगत आहे, ती आधीच सांगून ठेवतो. माझा आकडा सारखा नेमका ३६ दाखवत होता. मला वाटलं मशीनची कुवतच तेवढी. खरं म्हणजे फ्रेम वेळेत येत नाहीत असं दिसलं की हेडसेटचं सॉफ्टवेअर गेमला आपोआप निम्म्या वेगावर आणतं आणि मधली चित्रं स्वतः अंदाजाने भरतं. ७२ चे निम्मे ३६. हे चालू असताना काहीही बदला, आकडा हलत नाही. कंट्रोल आणि नमपॅडवरचा १ दाबला की ते बंद होतं. मोजताना ते बंद ठेवा, म्हणजे खरा आकडा दिसेल.

खरा आकडा वाईट होता. जमिनीवर उभं असताना एका चित्राला २४ मिलिसेकंद, बातुमीवर ३३. आणि दोन्हीकडे अडचण सीपीयूची. टास्क मॅनेजर मात्र सीपीयू ३० टक्केच वापरात दाखवत होता, म्हणून मी इतके दिवस त्याला निर्दोष धरून चाललो होतो. तो आकडा सगळ्या कोरचा मिळून असतो. सिम्युलेटरचं मुख्य काम एका-दोन कोरवर पडतं. ते कोर पुरे भरले आणि बाकीचे रिकामे बसले तरी एकूण आकडा तीसच दिसतो. ग्राफिक्स कमी करून काही फरक का पडत नव्हता, तेही मग उमगलं. ग्राफिक्स कार्ड आधीच हातावर हात ठेवून सीपीयूची वाट बघत होतं.

आता सीपीयू का दमतोय ते शोधायचं. सीपीयू-झेड नावाचं एक लहानसं मोफत साधन आहे. त्यात मेमरीच्या पानावर चॅनल "सिंगल" लिहिलेलं आणि फ्रिक्वेन्सी १०६६. ही संख्या दुप्पट करून वाचायची असते, म्हणजे माझी रॅम २१३३ वर चालत होती. पट्टीवर तर ३२०० छापलेलं! कॅबिनेट उघडलं. चार खाचांपैकी शेजारशेजारच्या दोन खाचांत पट्ट्या बसवलेल्या होत्या, म्हणून दोन्ही एकाच वाटेवर (चॅनलवर) पडल्या होत्या. मशीन ज्याने जोडून दिलं त्याने घाईत तसं केलं असणार. तीन वर्षं मीही कधी उघडून बघितलं नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्पष्ट चित्र होतं: दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच.

वीज बंद करून, पायाखाली लाकडी पाट घेऊन, एक पट्टी काढून चौथ्या खाचेत दाबली. दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबावी लागते, भीती वाटते एवढा जोर लागतो. मग बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगावर चालवणारी सोय) चालू केलं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. जमिनीवर २४ चे १८ झाले, बातुमीवर ३३ चे २५. सगळ्या आठ आठवड्यांत एका फटक्यात एवढा फरक पुन्हा पडला नाही. तुमचं मशीन दुकानातून जोडून आलेलं असेल तर काहीही विकत घेण्याआधी हे बघा.

पुढचं कारण तापमान. दहा मिनिटं उडवल्यावर आकडे परत बिघडायचे. प्रोसेसर नव्वद अंशांना टेकत होता आणि तिथे पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. उद्यमबाग जवळ, आजूबाजूला फाउंड्र्या, आमच्या घरात दोन दिवसांत टेबलावर काळा थर बसतो. कूलरच्या पात्यांमध्ये तर घोंगडीच विणलेली. आप्पांनी ते काम मागून घेतलं. दाढीचा जुना ब्रश घेतला, पंखा बोटाने धरून ठेवला आणि एकेक पातं साफ केलं. "पंखा फिरू देऊ नको वाऱ्यानं, बेअरिंग जातंय," असं मलाच बजावलं. २५० रुपयांची थर्मल पेस्ट आणली, ती लावली. नंतर तापमान पंचाहत्तरच्या वर गेलं नाही.

एवढं होऊनही दर अर्ध्या मिनिटाला एक मोठा हिसका राहिला होता. सरासरी छान आणि मध्येच चित्र गोठायचं. ह्याला दोन कारणं निघाली. १६ जीबी रॅम पूर्ण भरत होती आणि विंडोज उरलेलं डिस्कवर टाकत होतं. वर गेम त्या जुन्या हार्ड डिस्कवर. गेम एसएसडीवर हलवला, त्यासाठी घरच्या लग्नाचे व्हिडिओ आणि बाकी पसारा दुसरीकडे न्यावा लागला. रॅमच्या अजून दोन पट्ट्या ऑनलाइन मागवल्या, ४,८०० रुपये. दिवाळी तोंडावर होती. पार्सल हुबळीपर्यंत आलं आणि तिथेच नऊ दिवस पडून राहिलं. कुरिअरला फोन केला की "उद्या" म्हणायचे. पाडवा गेला, भाऊबीज गेली, २७ ऑक्टोबरला पट्ट्या हातात पडल्या. एक सूचना: नव्या पट्ट्या घातल्या की बायॉस एक्सएमपी बंद करून बसू शकतो. माझं तसंच झालं आणि एक संध्याकाळ मी उगाच घाबरलो. पट्ट्या बसवल्यावर सीपीयू-झेड पुन्हा उघडून बघाच.

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी होती. आमच्याकडे मराठी माणसं तो काळा दिन पाळतात, गल्लीतली पोरं सायकल फेरीला गेलेली. फेरीहून परत आलेला धाकटा भाऊ शेजारी वही घेऊन बसला आणि मी हेडसेटमधून आकडे सांगत गेलो. ते सोयीचं पडलं, कारण दर वेळी हेडसेट काढून लिहायचं म्हटलं की दहा चाचण्यांत डोकं उठतं. त्या दिवशी पहिल्यांदा तक्त्यात सीपीयूऐवजी जीपीयू आलं. अडचण सरकली होती! आता कुठे ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लावण्यात अर्थ होता.

इथे झटपट सांगतो. एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) काढून डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर लावलं, तेवढ्यानेच १९ चे १४ झाले. त्याची किंमत आहे: दूरचं विमान वेगाने आडवं गेलं की मागे फिकट शेपूट दिसतं आणि आधुनिक विमानांच्या पडद्यांवरची अक्षरं थोडी पुसट होतात. मिगमध्ये सगळी काट्यांची घड्याळं, तिथे मला ते खटकलं नाही. हॉर्नेटसारखं आधुनिक विमान उडवणाऱ्याला खटकेल. जमिनीचे टेक्स्चर लो केले, कारण ८ जीबीचं कार्ड काठोकाठ भरत होतं आणि ते भरलं की पुन्हा हिसके. कॉकपिटचे टेक्स्चर मात्र मी हाय ठेवले, त्यात तडजोड करायची नव्हती. आरसे बंद, एम दाबलं की जातात. दिसण्याचं अंतर मध्यम. रिझोल्यूशन एकाच ठिकाणाहून बदला. हेडसेटच्या अ‍ॅपमध्येही घसरपट्टी आहे आणि गेममध्ये पिक्सेल डेन्सिटीही (रिझोल्यूशनचंच दुसरं माप) आहे, दोन्ही वाढवले तर गुणाकार होतो. मी गेममधलं १.० वर सोडून दिलं.

ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाला की सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसच्या फोल्डरमधले एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ हे दोन फोल्डर (ग्राफिक्ससाठी आधी तयार करून ठेवलेल्या फायलींचे) रिकामे करतात. गेम ते परत तयार करतो. पण त्यानंतरचं पहिलं उड्डाण अडखळणारच, तेव्हा वहीत आकडा दुसऱ्या उड्डाणाचा लिहा. मी एकदा पहिल्याचाच लिहिला आणि चांगली सेटिंग वाईट समजून काढून टाकली.

केबलचं राहिलं. चित्र कधी कधी चौकटी-चौकटीचं व्हायचं. हेडसेटच्या अ‍ॅपमध्ये केबलचा वेग तपासायची सोय आहे. त्यात कळलं की माझी केबल यूएसबी २ ची आहे. फोनच्या चार्जरसोबत आलेली ती. पाच मीटरची यूएसबी ३ केबल १,३५० रुपयांना आणली आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावली. ते चौकटींचं प्रकरण तिथेच मिटलं.

१६ नोव्हेंबरला वहीतली शेवटची नोंद: उभं असताना ११.५, उंचावर १२ ते १३, बातुमीवर खालून जाताना १७. शहरावरून ७२ टिकत नाही, तिथे निम्म्या वेगाचं ते भरून काढणारं तंत्र मी मुद्दाम चालू ठेवतो. कधी ७०, कधी ५० असं हेलकावणाऱ्या चित्रापेक्षा एका लयीतले ३६ पोटाला सोसतात, हा माझा अनुभव.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारची झोप झाल्यावर आप्पांना बोलावलं. चाकांची खुर्ची काढून लाकडी, हातांची खुर्ची ठेवली होती, म्हणजे वळताना सरकणार नाही. समोर टेबल फॅन, तोंडावर वारा असला की मळमळ कमी होते. त्यांना चष्मा आहे, म्हणून हेडसेटसोबतची चष्म्याची चौकट बसवली. दोन बुबुळांमधलं अंतर मुलीने शाळेच्या पट्टीने मोजलं, ६३ भरलं. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत, मधलीवर लावलं. विमान धावपट्टीजवळ उभं, इंजिन बंद, कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) उघडी.

आधी ते बोललेच नाहीत. मान हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे. मी मॉनिटरवर आकडा बघत होतो, ७२, ७२, ७२. मग त्यांचा हात हवेत वर आला आणि बोट मधोमध खालपर्यंत फिरलं. "ही पट्टी. गिरकी लागली की दांडा ह्या पट्टीला लावायचा म्हणून रंगवलेली. मी रंगवलीय ही, दोन-तीनदा." पुढे वाकले, काचेवरून विमानाच्या नाकावरच्या वेग मोजणाऱ्या नळीकडे बघितलं. "नळी उजवीकडं हाय. बिस हाय हे. बरोबर."

मी विचारलं, "उडवू काय आप्पा? तुम्ही नुसतं बसा, मी उडवतो." ते हो म्हणाले. उंचावर नेलं, शहराकडे गेलो नाही, हळू एक वळसा घेतला आणि उतरवलं. चाकं टेकल्यावर मागचं पॅराशूट सोडलं, वेग उतरला. मी म्हटलं, "बास काय? गरगरतंय काय?"

"न्हाई गा. पॅराशूट मागं पडलंय न्हवं, ते कोण आणणार? भिजलं तर वाळवायला दोन दिवस जातात."

अकरा मिनिटं झाली होती. हेडसेट काढून त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला, चहा घेतला. संध्याकाळी देवळातून आल्यावर परत खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, उद्या उडवायला नको, नुसतं उभं करून ठेव, मी बसतो जरा.